तांबड्या पाखरांचे गाव

सेंट लुईसला निघालो तेव्हा वहिनीने बरोबर काय काय दिले याची यादी देत बसलो, तर हा लेख त्यातच संपायचा. मेतकूट, गोडा मसाला, कुरड्या, सुनेसाठी इरकल आणि नातीसाठी पैंजण. दिला नाही तो फक्त निरोप. "त्याला काय सांगू?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "काही नको भावजी. तब्येत कशी आहे ते तेवढे पाहून या." दादाने वर्तमानपत्रातून डोके वर न काढता भर घातली, "तिकडे ऊन फार असते म्हणे. टोपी ने." मुलगा सांगलीच्या घरातून बाहेर पडला त्याला सोळा वर्षे झाली. सोळा वर्षांत निरोपाचे शब्द झिजतात; मग माणसे उन्हाविषयी बोलतात.

टोपी मी विसरलो. २०२५ च्या जूनमध्ये सेंट लुईसच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले आणि दादाची आठवण झाली. अमेरिकेत सदासर्वकाळ थंडी असते अशी आपली एक समजूत असते. मिसिसिपीच्या काठचा उन्हाळा ती पहिल्या पाच मिनिटांत पुसून टाकतो. अंगाला चिकटणारी दमट हवा आणि गढूळ, रुंद, संथ नदी! नदीच्या काठी ६३० फूट उंचीची पोलादी कमान आकाशात चढून पुन्हा जमिनीवर उतरली आहे. ही कमान १९६५ साली पुरी झाली. पश्चिमेकडे नशीब काढायला निघालेली माणसे या गावातून पुढे गेली, त्यांची ती आठवण. म्हणजे हे गाव मुळात निरोप देणाऱ्यांचे आहे, असे माझ्या मनात येऊन गेले. पण प्रवासाने शिणलेल्या माणसाच्या मनात काय वाटेल ते येते, म्हणून ते मी तिथेच सोडून दिले.

पहिल्याच रविवारी आम्ही शहरात गेलो, तो रस्त्यात जिकडे तिकडे लालच लाल. लाल सदरे, लाल टोप्या, लाल झबल्यातली तान्ही पोरे, आणि काठी टेकत चाललेल्या लाल पोलक्यातल्या आजीबाई. मी पुतण्याला हळूच विचारले, "मोर्चा आहे का रे कामगारांचा?" तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. "काका, आज मॅच आहे!"

कार्डिनल हे या देशातले एक तांबडेभडक पाखरू. गावच्या बेसबॉल संघाने त्याचे नाव घेतले आहे. सदऱ्यावर छातीशी आडवी बॅट आणि तिच्यावर बसलेली दोन पाखरे. जागतिक मालिका या भारदस्त नावाने ओळखली जाणारी स्पर्धा या संघाने ११ वेळा जिंकली. त्यांच्यापुढे एकटे न्यूयॉर्कचे यांकी. आणि शहराची हद्दीतली वस्ती म्हणाल तर तीन लाखांच्या आत! आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाने मुंबईला वर्षानुवर्षे टक्कर द्यावी, तसा हा प्रकार. हे यांना जमते कसे, हे समजून घ्यायचे मी ठरवले, आणि मला गुरूही घरबसल्या मिळाला.

पुतण्याच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. वय ७८. सारी नोकरी पोस्टात गेली, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना पोस्टमास्तर म्हणू लागलो. संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून ते रेडिओवर सामना ऐकतात. घरात भिंतीएवढा टेलिव्हिजन आहे, पण लहानपणी उशीखाली रेडिओ ठेवून ऐकलेला खेळच खरा, असे त्यांचे म्हणणे. मी हिंदुस्थानातून आलो असून मला बेसबॉल कळत नाही, हे ऐकून त्यांना झालेला आनंद काय वर्णावा! अडाणी शिष्य मिळाल्याचा आनंद निवृत्त माणसालाच कळतो.

मंगळवारी त्यांनी आम्हांला मैदानावर नेले. दाराशीच एक पुतळा आहे, बॅट उगारून किंचित वाकून उभा असलेला. ते स्टॅन म्यूझियल. पोस्टमास्तरांनी टोपीला हात लावला, आपण देवळाबाहेरच्या मारुतीला लावतो तसा. आत गेलो आणि चाळीस-पंचेचाळीस हजार माणसे मावतील असे ते हिरवेगार मैदान समोर उलगडले. पाठीमागे तीच पोलादी कमान, उतरत्या उन्हात गुलाबी झालेली.

खेळाचे नियम सांगून मी वाचकांना छळणार नाही. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने तो टोलवायचा आणि मग धावत सुटायचे, एवढे आपल्याला विटीदांडूपासून ठाऊक आहे. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. "ते दोघे पाहा," पोस्टमास्तर म्हणाले. मैदानाच्या डाव्या अंगाला दोन खेळाडू शेजारी शेजारी उभे होते. एक नोलन अरेनाडो. २०१९ साली कोलोराडोच्या संघाने याच्याशी आठ वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार केला. दोन वर्षांनी सेंट लुईसने त्या करारासकट त्याला आणले. म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन कोटी डॉलर. शेजारचा तो मेसिन विन, पाठीवर शून्य हा आकडा घातलेला. त्याला याच संघाने २०२० साली शाळेतून निवडले आणि वाढवले. पगार किमान दराच्या आसपास. तो दर २०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर होता.

"म्हणजे चाळीसपट?" मी विचारले.

"चाळीसपट. आणि आज पळताना पाहा. शून्यवाला जास्त पळेल."

खरोखरच तो जास्त पळत होता. एकदा तर जमिनीवर लोळण घेऊन त्याने चेंडू अडवला आणि उठता उठता असा भिरकावला की मला नियम कळत नसताना टाळी वाजवावीशी वाटली.

"मग सगळेच शून्यवाले का नाही घेत?" माझा बाळबोध प्रश्न.

पोस्टमास्तरांनी शेंगांचे टरफल काढीत मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. संघ पोराला शाळेतून, कॉलेजातून किंवा परदेशातून उचलतो. त्याला आपल्या धाकट्या संघांतून वाढवतो. हे धाकटे संघ म्हणजे चार पायऱ्या. वर चढायला कोणाला दोन वर्षे लागतात, कोणाला सहा, आणि बहुतेकांना ती शेवटची पायरी दिसतच नाही. जो वर पोहोचतो त्याने पहिली साधारण तीन वर्षे संघ देईल तो पगार घ्यायचा. पुढची तीन वर्षे भाव जमला नाही, तर लवाद निवाडा करतो. अशी सहा वर्षे भरली की तो मोकळा. मग जो जास्त देईल त्याच्याकडे त्याने जावे.

म्हणजे आंब्याच्या कलमासारखेच झाले. लावायचे तुम्ही, पाणी घालायचे तुम्ही, आणि फळे सहा वर्षे तुमची. सातव्या वर्षी झाड आपणहून उठते आणि बाजारात जाऊन उभे राहते!

बाजार तरी कसला! डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेइ ओतानी या जपानी खेळाडूला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले. एका वर्षाने न्यूयॉर्कच्या मेट्सनी वान सोतोला पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी. एकंदर पगार ठराविक आकड्यावर गेला, तर संघाला कर भरावा लागतो. २०२५ साली तो आकडा २४ कोटी १० लाख होता. पण मोठ्या शहरांचे संघ तो कर, आपण घरपट्टी भरतो तितक्या सहज भरतात. सेंट लुईसला ते परवडत नाही. म्हणून इथे विकतचा आंबा थोडा आणि घरचा जास्त, असा हिशेब ठेवावा लागतो.

आणि हा हिशेब साऱ्या अमेरिकेला शिकवला तो याच गावाने.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी कार्डिनल्स हा कंगाल संघ होता. कारभार ब्रँच रिकी नावाच्या गृहस्थाकडे. शिक्षणाने वकील, वृत्तीने धार्मिक. आईला वचन दिले म्हणून रविवारी मैदानात पाऊल न टाकणारा. गावोगावच्या लहान संघांतून तो हिरे हुडकून काढी, पण नेमका सौदा ठरायच्या वेळी एखादा श्रीमंत संघ चढा भाव देऊन ते पळवी. रिकीने विचार केला, की पोर विकत घेण्यापेक्षा ज्या गावात ते खेळते तो संघच विकत घेतला तर? पण पैसा कुठला?

पैसा मालक सॅम ब्रेडन यांनी उभा केला, आणि तोही कसा पाहा. संघाचे स्वतःचे जुने लाकडी मैदान होते. १९२० साली ते सोडून कार्डिनल्स गावातल्याच दुसऱ्या संघाकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले. मैदानाची जमीन शाळेसाठी आणि ट्राम कंपनीला विकली. सारे मिळून पावणेतीन लाख डॉलर आले. त्यातून रिकीने आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथपासून टेक्ससमधल्या ह्यूस्टनपर्यंत लहान संघांत भाग घ्यायला सुरुवात केली. राहते घर विकून माणसाने शेत घ्यावे, तसे हे झाले. लोकांनीही त्याला 'शेत' हेच नाव दिले. आजही धाकट्या संघांना तिकडे तेच म्हणतात. १९२६ साली कार्डिनल्सनी पहिली जागतिक मालिका जिंकली, खुद्द यांकींना हरवून. पुढच्या पंधरा वर्षांत शेते तिसांच्या वर गेली.

इथवर ऐकून मी म्हणालो, "मोठा दूरदर्शी माणूस!"

पोस्टमास्तर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "होय. पण शेतातल्या रोपाला कोणी विचारले नव्हते."

त्या काळी सहा वर्षांचा नियम नव्हता. कोणताच नव्हता. खेळाडूने एकदा सही केली की तो जन्मभर त्या संघाचा. संघ ठेवील तोवर राहायचे, विकील तिथे जायचे. रिकीच्या शेतात शेकडो तरुण अडकून पडले होते. वर जागा नाही आणि बाहेर जायची सोय नाही. १९३८ साली खेळाच्या आयुक्तांनी त्यांतल्या सत्तरांहून अधिक जणांना एका फटक्यात मोकळे केले. डिझी डीन नावाचा याच शेतात पिकलेला गोलंदाज. १९३४ साली त्याने ३० सामने जिंकून दिले आणि गावाला विजेतेपद मिळवून दिले. चार वर्षांनी खांदा दुखावला तेव्हा त्याला शिकागोला विकून १ लाख ८५ हजार डॉलर आणि तीन खेळाडू घेतले. माणूस एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकलेला बरा, हे रिकीचे शास्त्र.

दाराशी पुतळा आहे ते म्यूझियलही याच शेतातले. वडील पोलंडहून आलेले, कारखान्यात राबणारे. १९३८ साली पोराने गोलंदाज म्हणून सही केली. दोन वर्षांनी खांदा निकामी झाला, तेव्हा त्याने नुसती बॅट हाती धरली आणि १९६३ पर्यंत त्याच गावासाठी खेळला. एकंदर ३,६३० फटके. त्यांतले १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ बाहेरच्या! आपपरभाव नसावा तो इतका. त्याला वर्षाला एक लाख डॉलर मिळत होते. १९५९ चा हंगाम वाईट गेला, तेव्हा त्याने आपण होऊन मागून घेऊन पगार ८० हजारांवर आणला. ही हकिकत सांगताना पोस्टमास्तरांचा आवाज जरा ओला झाला.

पण त्याच संघात म्यूझियलशेजारी खेळलेला कर्ट फ्लडही होता. बारा वर्षे त्याने या संघात काढली. १९६९ साली एके दिवशी त्याला कळले, की आपल्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले आहे. त्याने जायला नकार दिला. आपण काही खरेदीविक्रीचा माल नाही, असे आयुक्तांना पत्र लिहिले आणि कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, आणि त्याचा खेळ संपला तो संपलाच. पण त्याने ठोठावलेले दार पुढे १९७५ च्या डिसेंबरमध्ये एका लवादाने उघडले, आणि खेळाडूला सहा वर्षांनी मोकळे होण्याचा हक्क मिळाला. म्यूझियल राहिला म्हणून गाव त्याला पुजते. पण त्याला जाण्याची मोकळीक होती कुठे? राहण्याची परीक्षा जाता येत असले तरच होते.

शनिवारी आम्ही शेत पाहायला निघालो. स्प्रिंगफील्ड हे याच राज्यातले गाव, दोनशे मैलांहून थोडे अधिक. तिथे कार्डिनल्सचा खालून तिसऱ्या पायरीवरचा संघ आहे. पुतण्या गाडी चालवीत होता, शेजारी पोस्टमास्तर. मी आणि नात मागे. रस्ता जुन्या प्रसिद्ध ६६ क्रमांकाच्या रस्त्याला धरून जातो. वाटेत डोंगरातल्या गुहांच्या जाहिरातींचे फलक इतके, की गुहेपर्यंत पोहोचण्याआधीच गुहा पाहिल्यासारखे वाटते. रस्त्याला ६६ हा आकडा मिळावा म्हणून १९२६ साली तार गेली ती स्प्रिंगफील्डहूनच. गावाला त्याचा भारी अभिमान.

मैदान आटोपशीर. मोठ्या मैदानासारखी भव्यता नाही, पण खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. मक्याची कणसे, शेंगा, पायांत घुटमळणारी पोरे. आपल्याकडची गावची जत्राच. खेळणारी मुले विशी-बाविशीची. त्या उन्हाळ्यात तिथे जे. जे. वेदरहोल्ट नावाचा मुलगा खेळत होता. २०२४ च्या निवडीत देशात सातवा आलेला. सही करतानाच लाखो डॉलर मिळालेला. त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या मुलाला मिळतो या पायरीचा पगार. तो २०२२ पर्यंत वर्षाला १३,८०० डॉलर होता. मुलांनी संघटना बांधली, तेव्हा २०२३ च्या करारात तो ३०,२५० झाला. सामना संपला की मोटारीत बसायचे आणि रात्रभर प्रवास करून टेक्ससमधल्या कुठल्या तरी गावी उतरायचे. नकाशावर पाहिले तर ही अंतरे आपल्या मुंबई-नागपूरसारखी!

सामना संपल्यावर नात वही घेऊन कठड्याशी धावली. एक सावळा, काटकुळा मुलगा सही करायला थांबला. त्याने तिचे नाव विचारले. आमच्या नातीचे नाव चांगले पाच अक्षरी, जोडाक्षरांसकट. त्याने तीनदा म्हणून पाहिले, मग एकेक अक्षर विचारून नीट लिहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझंही नाव इथं कोणाला नीट म्हणता येत नाही." तो समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरून आला होता. त्याच्या आईने निघताना बरोबर काय दिले असेल, असे उगीचच माझ्या मनात आले.

परतताना रात्र झाली. नात माझ्या मांडीवर झोपली. अंधारात पोस्टमास्तरांनी आपल्या सदऱ्याची गोष्ट सांगितली.

आल्बर्ट पूहोल्स हा मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकमधून घरच्यांबरोबर आला आणि याच मिसूरी राज्यात शिकला. १९९९ च्या निवडीत तो तेराव्या फेरीत निघाला. ४०१ मुले त्याच्या आधी! एक हंगाम शेतात काढून २००१ साली तो वर आला आणि पहिल्याच वर्षी ३७ होम रन मारून त्याने देशाला तोंडात बोट घालायला लावले. पगार होता दोन लाख. संघाने २००४ साली शहाणपणा केला. तो मोकळा व्हायच्या आधीच त्याच्याशी सात वर्षांचा दहा कोटींचा करार करून टाकला. कोकणात व्यापारी मोहोरावर बाग घेतो, तसा. व्यापाऱ्याला भाव स्वस्त पडतो, बागवाल्याला वादळवाऱ्याची चिंता राहत नाही. दोघेही सुखी. त्या करारात गावाने २००६ आणि २०११ साली दोन विजेतेपदे पाहिली.

२०११ च्या डिसेंबरात करार संपला. पूहोल्स ३१ वर्षांचा. कॅलिफोर्नियाच्या एंजल्सनी दहा वर्षांचे २४ कोटी पुढे केले. कार्डिनल्सनी तेवढी उडी मारली नाही. तो गेला.

"मी सदरा ट्रंकेत तळाशी ठेवला," पोस्टमास्तर म्हणाले. "पाच नंबरचा. फाडणार होतो, बायकोने फाडू दिला नाही."

"मग चूक कोणाची झाली?"

"हिशेबाने पाहाल तर कोणाचीच नाही." आणि त्यांनी हिशेब मांडला. पूहोल्सच्या बदल्यात नियमाप्रमाणे संघाला पुढच्या निवडीत जादा जागा मिळाल्या. त्यांतल्या एकीवर त्यांनी २०१२ साली मायकेल वाका नावाचा गोलंदाज घेतला. सव्वा वर्षात त्याने संघाला जागतिक मालिकेपर्यंत नेले. २०१३ चा तो संघ बहुतेक सारा घरचा होता. उरलेल्या पैशांतून यादिएर मोलीनासारखा घरचाच माणूस राखता आला. तो १९ हंगाम इथेच खेळला. आणि तिकडे पूहोल्सचे पाय दुखू लागले, सरासरी ३२८ वरून २५६ वर आली, आणि २०२१ साली करार संपायच्या आधीच एंजल्सनी त्याला मोकळे केले. कारकून शंभर टक्के बरोबर ठरला.

"पण कारकून नेहमी बरोबर ठरतो असे नाही," ते पुढे म्हणाले. २०१७ च्या डिसेंबरात तयार फलंदाज हवा म्हणून संघाने मायामीहून मार्सेल ओझूनाला आणले आणि बदल्यात शेतातली पोरे दिली. ओझूना दोन हंगाम राहून गेला. दिलेल्या पोरांतला सँडी अल्कान्टारा २०२२ साली त्याच्या लीगमधला सर्वोत्तम गोलंदाज ठरला आणि झॅक गॅलनही मोठा झाला. २०२० च्या जानेवारीत रँडी अरोझारेना फ्लॉरिडाला दिला. त्याच वर्षी त्याने अखेरच्या फेऱ्यांत दहा होम रन मारून विक्रम केला. घरी बियाणे विकून बाजारातून भाजी आणायची, असे दोन-तीनदा झाले की शेत ओस पडते. २०२३ साली कार्डिनल्स आपल्या गटात तळाला गेले. १९९० नंतर प्रथमच. पुढच्या वर्षी कारभाऱ्यांनी जाहीर केले, की आता पगार कमी करू आणि शेतावर खर्च वाढवू. रिकीच्या गावाला रिकीचा धडा पुन्हा गिरवावा लागला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मीच विचारले, "आणि सदरा?"

"२०१९ च्या जूनमध्ये पूहोल्स एंजल्सचा सदरा घालून इथे खेळायला आला. साडेसात वर्षांनी पहिल्यांदा. मला वाटले लोक हुर्यो करतील. मी स्वतः त्याच बेताने गेलो होतो. तो बॅट घेऊन बाहेर आला आणि सारे मैदान उठून उभे राहिले. मीही उठलो. प्रत्येक वेळी तो आला की आम्ही उभे. त्याने आमच्याविरुद्ध होम रन मारला, तरी उभे! घरी आल्यावर बायको म्हणाली, ट्रंक उघडू का? म्हटले, अजून नको."

"मग कधी?"

"२०२२ मध्ये. तो ४२ वर्षांचा. २५ लाखांवर, एका वर्षासाठी परत आला. लोक म्हणाले, निरोपाचा हार घालायला आणला आहे. त्याने २४ होम रन मारले. सातशेवा मारला तेव्हा पहाटेसारखी रात्र होती. सामना लॉस एंजेलिसला होता. ट्रंकेतल्या घड्यांसकट सदरा घालून मी ओसरीवर रेडिओ ऐकत होतो." थोडे थांबून ते म्हणाले, "बायको तेव्हा नव्हती."

पुतण्याने रस्त्यावरची नजर न काढता मला मराठीत विचारले, "काका, आईबाबा कधी काही म्हणतात का हो? माझ्याबद्दल?"

वाचकहो, अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच जणू काकांची योजना झालेली असते, आणि नेमके त्या वेळी काकांना काही सुचत नाही. मला आठवले, दादाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून त्याला पाठवले होते. स्टेशनवर गाडी सुटली तेव्हा गाडीकडे न पाहता तो वेळापत्रकाच्या फलकाकडे पाहत उभा होता. आणि पुतण्यानेही काही चूक केली नव्हती. शिकला, बाजारात उभा राहिला, मोलाने गेला. हिशेबाने पाहावे तर कोणाचीच नाही.

मी म्हणालो, "टोपी आण म्हणाला होता दादा. म्हणजे मला घेऊन जा म्हणाला. मी विसरलो."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याने दोन लाल टोप्या आणल्या. एक माझ्या डोक्यावर घातली, दुसरी कागदात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवली.

सांगलीला परतलो तेव्हा पाऊस लागला होता. वहिनीने तब्येतीची विचारपूस केली. बारीक झाला आहे का, हे चार वेगवेगळ्या शब्दांत विचारले. दादाने टोपी उलटसुलट करून पाहिली. बॅटवर बसलेल्या पाखरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे कसले पाखरू?" म्हणून मी सारी हकिकत सांगितली. शेताची, म्यूझियलची, फ्लडची आणि ट्रंकेतल्या सदऱ्याची. तो नेहमीसारखा वर्तमानपत्र धरून ऐकत होता. पान मात्र उलटत नव्हता.

पुढे जानेवारीत पुतण्याचा फोन आला तेव्हा कळले, की तो २६ कोटींच्या करारवाला अरेनाडो ॲरिझोनाला दिला, आणि शून्य आकड्याचा मुलगा अजून आहे. ते मी दादाला सांगितले. त्याने मान हलवली. मग एकदम विचारले, "तो कोण रे तुमचा, परत आलेला? किती वर्षांनी आला म्हणालास?"

"दहा."

"दहाच?" दादा म्हणाला. खुंटीवरची लाल टोपी काढून त्याने डोक्यावर घातली आणि भाजी आणायला निघता निघता म्हणाला, "मग लवकर आला म्हणायचा."